खैरपाड्याच्या तळ्यातला टायर मासा

खैरपाडा, गणेशपुरीजवळ
१२ जानेवारी २०२५

बिल्किस,

जोहार. तुझं पत्र दिवाळीत आलं, उत्तर आता देते, रागावू नको. भातझोडनी व्हती, मंग वालाची पेरनी, मंग दर्शनच्या बायकोचं बाळंतपन. फोन केला असता, पन तुला ऐकू येत न्हाय आनि हितं रेंज न्हाय. पावरलूमच्या खडखडाटानं तुझे कान खाल्ले, डोंगरानं माझा फोन खाल्ला. शाळेत शेजारी बसून चिठ्ठ्या लिवायचो ते बरं कामाला आलं.

आता खरं कारन. काल आमच्या गटानं तळ्यात वर्साचं पहिलं जाळं टाकलं. पहिला मासा गावदेवाचा असतो. बांधावरच चूल मांडून शिजवायचा आनि सगळ्या बायांनी घास घास खायचा, मंगच बाकीचे टोपलीत. जाळं जड लागलं तशी कमळ म्हनली, कटला फुगला यंदा. ओढलं तं आत भलताच जीव. हातभर लांब, काळा, अंगावर खवलं न्हाईत, हाडाच्या पट्ट्या. तोंड पोटाखाली, वाटीसारखं. पाठीवर पंख उभा केला की छत्री. एकाच जाळ्यात असले सदतीस, आनि रोहू-कटला मिळून अकरा. जाळं सात जागी फाटलं.

सुरी चालंना. कोयता आनला तो घसरला. बाया त्याला टायर मासा म्हनायला लागल्या. आमचा नवरा जिव्या मोठा शहाना, हातानं सोडवाया गेला आनि पंखाचा काटा तळहातातून आरपार. टाके पडले. तासाभरानं बघते तं मासे बांधावर कोरड्यात तसेच जिवंत. देवाला दाखवायला यंदा पहिला मासाच न्हाय. म्हातारी जानकीबाई म्हनली, असं कधी झालं न्हाय.

बायांचा रोख माझ्यावर हाय. दोन वर्सांपूर्वी सरकारी बीज उशिरा येनार व्हतं, म्हनून मीच पडघ्याच्या भूपेशकडून बोटुकलीच्या, बोटभर पिल्लांच्या पिशव्या आनल्या व्हत्या. त्यात हे आलं असं कमळ म्हनते. मी पिशव्या उजेडात धरून बघितल्या व्हत्या गो, एक एक. तुझ्या मोहिउद्दीनभाईंच्या लूमच्या हापिसात माशांची काचेची टाकी व्हती ना? मी एकदाच बघितली, लांबून. तुझ्या पोराला, खालिदला विचार, असला मासा शहरात कुनी पाळतं का. पाठीमागं चित्र काढलंय. शेपटी जमली न्हाय.

तुझी
सरू


भिवंडी
२१ जानेवारी २०२५

सरू,

सलाम. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. जिव्याभाऊंचा हात कसा आहे? जखम ओली ठेवू नका. आणि आजी झालीस ते तू ओळीच्या मधे कोंबून लिहितेस, मुलगा की मुलगी तेही नाही. कमाल आहे तुझी.

आमच्याकडे ठीक. खालिदची मेहरीन आता चौथीत आहे, मला काही सांगायचं असलं की पाटीवर लिहून नाकासमोर धरते, त्यात निम्म्या चुका. खालिदच्या गोडाऊनला आता दोन शिफ्ट असतात. लूमची जागा होती तिथे खोक्यांच्या थप्प्या आहेत. धामणकर नाक्यावरून येताना मी अजून त्या गल्लीकडे बघते, सवय जात नाही.

माशाचं खालिदला विचारलं. तो म्हणाला हा सकर. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला, काच चाटून साफ करतो म्हणून दुकानदार बोटाएवढा असताना विकतात. लोक घेतात आणि मोठा झाला की कंटाळतात. तुमच्याकडे कसा आला ते अल्लाहला माहीत. मला वाटतं पुरात आला असेल. त्या वर्षी तानसा नदीला केवढं पाणी आलं होतं. बायांना तसंच सांग. उगीच तू स्वतःवर घेऊ नकोस आणि त्या भूपेशवरही ढकलू नकोस.

एक विचारायचं होतं. त्यात खूप मोठे, जुने असे काही निघाले का? आणि त्यांचं तुम्ही काय केलंत? सहज विचारते.

तुझी
बिल्किस


खैरपाडा
२ फेब्रुवारी २०२५

बिल्किस,

मुलगी हाय. नाव पूर्वा ठेवलं. नाक माझं घेतलंय बिचारीनं.

तुझं पत्र मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं, पुराचं तेवढं. माझी भिवंडीची मैतरीन हाय, शिकलेली हाय, तिनं चौकशी केली असं छाती काढून सांगितलं. कमळनं ऐकून घेतलं. मंग म्हनली, सरूआत्या, नदी खाली, तळं डोंगराच्या कुशीत, पूर चढून वर आला का? सगळ्या हसल्या. मी पन हसले, दुसरं काय करनार. पन खोटं बोलताना सापडल्यावानी झालं. तुझं चुकलं न्हाय, तू तळं एकदाच बघितलंस, दर्शनच्या लग्नात.

नंतर कमळनं भूपेशला बोलावलं. तो आला, मोटारसायकलवर. मला पिशव्या दिल्या त्याच दिवशी त्याच टाकीतलं बीज त्यानं आनखी चार तळ्यांत दिलं व्हतं. कमळ आनि रघू जाऊन ती चारही बघून आली. तिथं एकपन टायर मासा न्हाय. म्हंजे भूपेश सुटला आनि मी अडकले. आता बाया म्हनतात, सरूनं मधेच दुसरीकडून काहीतरी आनून टाकलं आनि लपवते.

आनि नुसतं जाळ्याचं न्हाय. ह्या माशांनी बांधाला आतून बिळं पाडलीत. हात घातला तं कोपरापर्यंत जातो. खाली रघूचं भातशेत हाय. पावसात बांध बसला तं त्याचं वर्स गेलं. तो रोज येऊन बिळं मोजतो आनि माझ्याकडं बघतो.

एक मार्चला बैठक हाय. माझं नाव तळ्यावरून काढायचं का, त्याची. तुझ्या पत्रात तू काहीतरी वेगळीच वाटलीस. तब्येत बरी हाय ना? मोठे जुने निघाले का ते तू का विचारतेस? एक दांडगा निघाला, दीड हात. पुरला खड्ड्यात सगळ्यांसंगं.

सरू


भिवंडी
८ फेब्रुवारी २०२५

सरू,

पूर्वाला माझी दुआ. तब्येत थोडी नरम आहे, म्हणून चार ओळीच.

जाळी फाटली म्हणालीस, खालिदच्या माणसाबरोबर दोन नवी पाठवते. नायलॉनची आहेत, चांगली. गटाला दे, तुझ्याकडून म्हणून दे.

आणि सरू, माझं ऐक. बैठकीत भांडत बसू नकोस. सोड ते तळं. आपलं वय झालं. साठीला आलो आता, कशाला चार जणींच्या तोंडाला लागायचं. नातीबरोबर खेळ. नाव काढलं तर काढलं, त्यानं तुझं काय बिघडतं?

बिल्किस


खैरपाडा
१५ फेब्रुवारी २०२५

बिल्किस,

तुझी जाळी परत पाठवली. ज्या टेम्पोनं आली त्याच टेम्पोत. 

माझं काय बिघडतं ते सांगते. हे तळं ठेकेदाराच्या घशात जानार व्हतं. तवा मी आनि जानकीबाई, दोघी, पंचायतीच्या दारात रोज जाऊन बसलो, भाताची कापनी सोडून. त्याच्या मानसांनी जिव्याला दम दिला. तरी उठलो न्हाय. कागदावर पहिला अंगठा जानकीबाईचा आनि पहिली सही माझी. सातवी शिकले त्याचा आयुष्यात तेवढा एकच उपयोग झाला. पाड्यात चार सरू हायेत. मला तळ्याची सरू म्हनतात. ते नाव काढलं तं मी कोन?

आनि चोर म्हनून काढनार. वय झालं म्हनून न्हाय. सरूनं लपवलं म्हनून.

तू असं लिवशील वाटलं नव्हतं. तुला बरं न्हाय म्हनून हे लिवलंस असं समजते. खालिदला सांग डॉक्टरकडं ने.

सरू


भिवंडी
२० फेब्रुवारी २०२५

सरू,

मला काही झालेलं नाही. मी आजारी नाही. बसून वाच, आणि पूर्ण वाच.

ते मासे मी टाकले.

यांच्या ऑफिसात टाकी होती ती तुला माहीत आहे. त्यात रंगीत मासे येत-जात राहिले, मरायचे, नवे यायचे. पण चार सकर होते ते सुरुवातीपासूनचे. बोटाएवढे आणले होते, फूटभर झाले. दुपारची जोहरची नमाज झाली की हे काकडीची चकती पाण्यात धरायचे आणि ते येऊन त्यांच्या बोटाला चिकटायचे. लूमच्या आवाजात माणसाशी ओरडून बोलायला लागतं, यांना ओरडायचा कंटाळा. म्हणून दुपारचे माशांशी बोलायचे. मी खिडकीतून बघायची. हसायची मी, म्हणायची, माझ्याशी तर एवढं बोलत नाही तुम्ही. ते कानाला हात लावून सांगायचे, तुला ऐकू येत नाही, यांना येतं.

हे गेले त्यानंतर सहा महिन्यांत खालिदनं लूम भंगारात काढले. त्याची चूक नाही, सगळेच काढत होते. टाकी पण काढायची होती. रंगीत मासे कामगारांनी मुलांसाठी नेले. हे चार कुणी घेईना. दुकानदार म्हणाला एवढे मोठे कोण घेणार. खालिद म्हणाला, अम्मी, नाल्यात सोडतो. मला ते सहन झालं नाही. भिवंडीचा नाला तू बघितला आहेस.

दुसऱ्या दिवशी दर्शनचं लग्न होतं. मी रंगाच्या डब्यात थोडं पाणी घातलं, ते चार ठेवले, वर ओलं गोणपाट. गाडीच्या डिकीत. वाटेत ड्रायव्हर थांबला तेव्हा बघितलं, जिवंत होते. तुमच्याकडे मांडवात सगळ्या नाचात होत्या. मी तुला सांगितलं नमाजाआधी वुजू करायला, हातपाय धुवायला तळ्यावर जाते. तू हातानं खुणावलंस, घरात पाणी आहे की. मी म्हणाले वाहत्या पाण्याची सवय आहे. काय बोलले मी, तळं कुठे वाहतं? तू हसलीस आणि जाऊ दिलंस. डबा पदराखाली धरून गेले. एकेक सोडला. दुआ केली. मला वाटलं सवाबाचं, पुण्याचं काम केलं. मला वाटलं, सरूच्या तळ्यात आहेत, म्हणजे घरातच आहेत.

तुला का सांगितलं नाही ते पण लिहिते, नाहीतर हे पत्र अर्धं राहील. मला वाटलं, तुला सांगितलं तर तू संध्याकाळी त्यांचं कालवण करशील.

तुझं पहिलं पत्र आलं, चित्र बघितलं, आणि त्याच क्षणी कळलं. शेपटी तुला बरोबर जमली होती. तरी पुराचं लिहिलं. तळं सोड असंही लिहिलं, म्हणजे तू सोडलंस की प्रश्न मिटेल आणि मला बोलावं लागणार नाही. हे असं कागदावर बघून मला माझीच शरम वाटते. खालिदला सुद्धा मी काल सांगितलं. त्यानं पाटीवर लिहिलं, अम्मी, सरूमावशीला लगेच कळवा.

हे पत्र एक तारखेच्या बैठकीत वाचून दाखव. सगळं वाच. कालवणाचंही.

बिल्किस


खैरपाडा
३ मार्च २०२५

बिल्किस,

तुझं पत्र सत्तावीसला मिळालं. बैठक एकला झाली. माझं नाव काढलं. तळ्याच्या खोपीची चावी कमळकडं गेली.

पत्र माझ्या पोलक्यात व्हतं. काढलं न्हाय. कमळनं तीनदा विचारलं, सरूआत्या, काही सांगायचं हाय का? मी न्हाय म्हनले.

का, ते ऐक. वाचलं असतं तं पुन्हा ह्या पाड्यात तुला कुनी पानी विचारलं नसतं. ते मला नको व्हतं. मी तुला वाचवलं असं समजू नको. मला तुझा एवढा राग आलाय की काय करावं कळंना, आनि त्या रागात मला एवढंच सुचलं की हे माझं नि तुझं हाय, कमळला कशाला.

मासे टाकलेस त्याचा राग न्हाय. तुला काय ठावं व्हतं, मला तरी काय ठावं व्हतं. पुराचं लिवलंस, तळं सोड लिवलंस, ते पन गिळीन एक दिवस. पन सरू कालवन करील. पन्नास वर्सांची मैतरीन, आनि तुझ्या मनात हे. आदिवासी बाई, दिसंल ते खाईल. 

तू सांगितलं असतंस ना, हे त्यांच्या हातचे हायेत, तं मी घरामागच्या टाक्यात ठेवले असते. जिव्याला काकडी लावायला सांगितली असती. पूर्वा आज त्यांच्याशी खेळली असती. एक शब्द सांगायचा व्हता. तू डबा माझ्यापासून पदराखाली लपवलास. माझ्या पोराच्या लग्नात.

आता लिवू नको.

सरू


भिवंडी
७ मार्च २०२५

सरू,

तू नको म्हणालीस तरी हे एक लिहिते, कारण न सांगता आले तर तू म्हणशील पुन्हा लपवून आली. सोमवारी, दहा तारखेला, सकाळच्या एसटीनं येते आहे. गणेशपुरीहून रिक्षा करीन. खालिदला नको म्हटलं आहे.

तुझ्याकडे येत नाही. कमळकडे जाणार. बायांना गोळा कर म्हणणार आणि माझ्या तोंडानं सांगणार. त्यांना जे विचारायचं ते कागदावर लिहून विचारावं लागेल, मेहरीनची पाटी बरोबर घेते. तू मधे पडू नकोस.

कालवणाचं तू लिहिलंस ते खरं आहे. तेही सगळ्यांसमोर सांगणार.

बिल्किस


खैरपाडा
१६ मार्च २०२५

बिल्किस,

लिवू नको म्हनले आनि मीच लिवते. तू गेलीस त्यानंतर बाया तासभर बोलत व्हत्या. तू समोर व्हतीस तवाही जे बोलल्या ते पाटीवर निम्मंच आलं. तुझ्याबद्दल काय झालं ते तुला कळायला पायजे, म्हनून लिवते. दुसरं कारन समजू नको.

तू बोलायला लागलीस तवा तुझा आवाज केवढा मोठा हाय गो. तुला कळत न्हाय, पन पार रघूच्या शेतापर्यंत गेला. तो काम टाकून आला. त्यामुळं जे गटाला सांगायचं ते सगळ्या पाड्यानं ऐकलं. कालवनाचं सांगितलंस तवा जानकीबाई म्हनली, शहरातली मानसं असंच समजतात, ही निदान तोंडावर बोलली. ते कुनी पाटीवर लिवलं न्हाय.

कमळनं पानी दिलं, तू घेतलं न्हाईस. दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली, बघा, आपलं पानी चालत न्हाय हिला. तवा मला मधे पडावं लागलं. सांगितलं, रोजा हाय तिचा, उपाशी आलीय एवढी एसटीनं. मंग कमळचा चेहरा पडला. तुला सावलीत बसवलं ते त्यासाठी.

ईदनंतर सगळ्या पाड्याला जेवन घालीन म्हनलीस. आमच्यात दंड म्हनून जेवन घालतात ते तुला जिव्यानं कधी सांगितलं असनार. तू गेल्यावर त्यावर बोलनं झालं. कमळ म्हनली, जेवन नको. जेवन घालून मोकळी व्हनार आनि मासे आमी मारत बसनार. हिनं सोडले, हिनंच मारावे. एप्रिलात पंप लावून पानी उतरवायचं आनि दर रविवारी जाळं ओढायचं ठरलं, टायर मासे संपेतो. दर रविवारी तू यायचं आनि स्वतःच्या हातानं मारायचे. सगळ्यांनी हो म्हनलं. मी पन हो म्हनले.

माझं नाव परत लागलं, पन पूर्ण न्हाय. कमळचं म्हननं, सरूआत्यानं टाकलं न्हाय ते कळलं, पन पत्र पोलक्यात ठेवून गटापुढं न्हाय म्हनली, ते लपवनंच. म्हनून वर्सभर चावी तिच्याकडं. जाळं ओढायला मी हाय. बरोबर बोलली पोरगी. मला तिचा राग आला न्हाय.

तुझ्यावरचा गेलेला न्हाय. तेरा एप्रिल, रविवार. मासा उलटा धरून डोक्यावर लाकडी हातोडा मारावा लागतो, कोयता चालत न्हाय. येनार असशील तं ये.

सरू


भिवंडी
१५ एप्रिल २०२५

सरू,

परवा घरी पोचायला संध्याकाळ झाली. हाताला फोड आले आहेत, म्हणून अक्षर असं.

तुम्ही पाणी उतरवलं तेव्हा चिखलात ते एकावर एक पडले होते, हलत होते. मला वाटलं होतं दहा-वीस असतील. चार सोडले होते मी. कमळनं पाटीवर लिहिलं, तीनशेच्या वर, आणि बिळांतले वेगळे. रघूनं मला बांधाजवळ नेऊन बिळात हात घालायला लावला. मी घातला. त्यानंतर मी जेवणाचं किंवा माफीचं काही बोलले नाही, तू बघितलंस.

पहिला मासा धरला तेव्हा त्याचं तोंड माझ्या अंगठ्याला चिकटलं. मला मारवेना. मग मारला. दुसरा मारला. दहा-बारा मारले असतील. रडत होते ते मला माहीत नव्हतं, मेहरीनची पाटी ओली झाली तेव्हा कळलं. तेवढ्यात तू आलीस, काहीतरी बोललीस, आणि माझ्या हातातून हातोडा ओढून घेतलास. तुझं तोंड रागाचं होतं. मी कमळकडे बघितलं, ती दुसरीकडे बघत जाळं झटकत होती. तू माझी पाटी सुद्धा घेतली नाहीस. संध्याकाळपर्यंत तू मारत राहिलीस आणि मी बसून राहिले.

मी नीट मारत नव्हते, मला जमत नाही, हे कबूल आहे. पण शिक्षा माझी होती. ती पण माझ्याकडून काढून घेतलीस तर मी तिथे कशासाठी यायचं? येत्या रविवारी येऊ की नको, ते कळव. आणि तू काय बोललीस ते लिही. वाईट असलं तरी लिही.

बिल्किस


खैरपाडा
१७ एप्रिल २०२५

बिल्किस,

हे पत्र दर्शनच्या हाती देते, पोस्टानं रविवार चुकंल.

माझं तोंड घामानं तसं झालं व्हतं, रागानं न्हाय. उन्हात तीन तास उभी व्हते. मी काय म्हनले ते कमळनं ऐकलं आनि मुद्दाम पाठ केली, शिक्षा तिनंच सांगितली व्हती ना.

म्हनले, बिल्किस, तुझ्या घरचे हायेत ते. तू नको मारू, दे इकडं, मी मारते.

रविवारी ये. तू जाळ्यातून सोडवून दे, मारायचं माझ्याकडं. सकाळची एसटी पकड, दुपारची वेळेवर येत न्हाय.

सरू